श्रावणीचं सहावं बोट आणि माझी कन्नड परीक्षा

मुलीच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर 'रुग्णाचे नाव' या रकान्यात मी माझं स्वतःचं नाव लिहिलं.

नुसतं नाव लिहून थांबलो असतो तर खाडाखोड करून भागलं असतं. पण मी पेशानं शिक्षक, फॉर्म अर्धवट सोडायची सवय नाही. वय अठ्ठेचाळीस. लिंग पुरुष. वजन अठ्ठ्याहत्तर (खरं ब्याऐंशी, पण दवाखान्यात थोडं कमी सांगितलेलं बरं असतं). 'तक्रार' या रकान्यात ठळक अक्षरात : डाव्या हातास सहावे बोट. खाली सही, आणि सहीखाली, हात थांबेना म्हणून, बी.एस्सी., बी.एड.

नर्सबाई कागद घेऊन आत गेल्या, दोन मिनिटांत परत आल्या आणि मला म्हणाल्या, "डावा हात दाखवा री." मी दाखवला. त्यांनी बोटं मोजली. पाच. मग त्यांनी कन्नडमधून उजवा हात मागितला. तिथंही पाच. त्यांनी पुन्हा डावा हात घेतला आणि या वेळी अंगठ्यापासून न मोजता करंगळीपासून मोजून बघितलं. तरी पाचच! बाजूच्या बाकावर माझी दहा वर्षांची मुलगी श्रावणी तोंडावर ओढणी दाबून हसत होती. माझी बायको वैशाली हिनं मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. खिडकीबाहेर भिंत होती.

"बाई, पेशंट मी हाय," श्रावणीनं शेवटी हात वर केला. नर्सबाईंनी तिची सहा बोटं बघितली, कागदावरचं अठ्ठेचाळीस बघितलं, आणि मग जी नजर माझ्याकडं टाकली तिला भाषांतराची गरज नव्हती.

सांगायचा मुद्दा असा की त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते का नव्हतं हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

श्रावणी जन्मली तेव्हाच तिच्या डाव्या करंगळीच्या कडेला आणखी एक इवलं बोट होतं. शेंगदाण्याएवढं. आत हाड नाही, नुसता कातडीचा देठ, पण टोकाला नख मात्र अगदी व्यवस्थित. आमच्या निपाणीतल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की किरकोळ काम आहे, आत्ताच काढून टाकू. मी लगेच हो म्हणालो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. लिंबू-मिरची, मांजर आडवं जाणं, पाल चुकचुकणं या विषयांवरचं माझं भाषण चिकोडी तालुक्यात बऱ्यापैकी गाजलेलं आहे. पण माझ्या आईनं ते ऐकलेलं नाही.

"लक्ष्मी चालत आलीया घरात, आणि तू तिचं बोट कापतोस व्हय रं?" आई म्हणाली. "एवढं शिकलास ते ह्यासाठी?"

मी ठणकावून सांगितलं की सहा महिन्यांनी बघू. त्या सहा महिन्यांची दहा वर्षं झाली.

दरम्यान बोटाची कीर्ती पसरली. सुरुवात केली समोरच्या मारुती आप्पांनी. त्यांची पिठाची गिरणी. त्यांनी नवी मोटर बसवली आणि पहिलं बटण दोन वर्षांच्या श्रावणीच्या त्या बोटानं दाबून घेतलं. गिरणी धडधडत सुरू झाली. (मोटर नवी, पट्टा नवा, वायरिंग नवं. माझ्या चष्म्याच्या दांडीनं बटण दाबलं असतं तरी सुरू झाली असती. पण श्रेय गेलं बोटाला.) मग कोपऱ्यावरच्या शेवंता आक्काची म्हैस अडली. पाटीलवाड्याकडून डॉक्टर येईपर्यंत आक्कानं श्रावणीला उचलून गोठ्यात नेलं आणि बोट म्हशीच्या पाठीला टेकवलं. रेडकू झालं. त्यानंतर काही विचारायलाच नको. दहावीची हॉलतिकिटं, नव्या गाड्यांच्या किल्ल्या, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या, आणि एकदा तर सदलग्याहून आलेल्या एका गृहस्थांनी मोबाईलवर तीन मुलींचे फोटो आणले आणि बोट ज्या फोटोवर पडेल तिच्याशी पोराचं लग्न ठरवलं. सुखानं नांदताहेत, असं ऐकतो.

मी हे सगळं ओसरीवर बसून, पेपरच्या आडून, तिरस्कारानं बघत असे. शाळेत भाषण, घरी तिरस्कार, असं माझं वैज्ञानिक जीवन सुरळीत चाललं होतं.

गेल्या वर्षी श्रावणीच्या शाळेत मुलींची क्रिकेट टीम निघाली आणि ती विकेटकीपर झाली. आता कीपरचा ग्लव्ह पाच बोटांचा. त्यात सहावं बोट घालायचं म्हणजे बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्यानं टेकायचं. बोट आत दुमडायचं, चेंडू बसला की कळ मस्तकात जायची. तिनं माझ्या कंपासमधलं कर्कटक घेऊन ग्लव्हला भोक पाडलं आणि बोट बाहेर काढलं. पुढचा चेंडू नेमका त्याच्यावर आला.

त्या संध्याकाळी ती रडली नाही. जेवताना शांतपणे म्हणाली, "मला हे काढायचंय."

आईनं घास खाली ठेवला. मी आईकडं बघितलं. वैशालीनं माझ्याकडं बघितलं. आमच्या घरातले सगळे निर्णय साधारण याच मार्गानं प्रवास करतात.

श्रावणीनं सगळं मुद्देसूद सांगितलं. दिवाळीनंतर चिकोडीला सामने आहेत. खेळाच्या मॅडमनी सांगितलंय की तोपर्यंत दोन्ही ग्लव्ह घालता आले तर ती कीपर, नाहीतर रेणुका. रेणुकाला चेंडू आला की डोळे मिटायची सवय आहे, हे तिनं तीनदा सांगितलं. आणि शाळेत तिला 'सहावी' म्हणतात, ती पाचवीत असताना, हे तिनं एकदाच सांगितलं, आणि तेही भाताकडं बघत.

"पोरगी सांगतीया तर काढा," वैशाली म्हणाली. आई काही बोलली नाही. आमच्या घरात याला एकमत म्हणतात.

बेळगावात प्लास्टिक सर्जरीचे एक चांगले डॉक्टर आहेत. त्यांनी बोट हलवून बघितलं, एक्स-रे काढला आणि सांगितलं की अर्ध्या तासाचं काम आहे. पूर्ण भूल द्यायची नाही. करंगळीच्या बुडाशी एक इंजेक्शन, तेवढाच भाग बधिर होईल, मुलगी जागी राहील, आपल्याशी गप्पा मारत राहील. उपाशी ठेवायचं कारण नाही. तीन टाके, बारा दिवसांनी काढू, महिन्याभरात ग्लव्ह घालायला मोकळी. तारीख ठरली ऑगस्टचा शेवटचा मंगळवार. श्रावणीनं कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती लाल पेननं गोल काढला आणि बाजूला सहा स्टंप काढले, तीन इकडं, तीन तिकडं.

आता माझ्या कन्नडविषयी सांगितलं पाहिजे.

बोलायच्या कन्नडमध्ये मला कुणी हरवू शकत नाही. कंडक्टरशी सुट्ट्यावरून मी कन्नडमध्ये भांडतो, संकेश्वरच्या बाजारात मिरचीचा भाव कन्नडमध्ये पाडतो. पण हेडमास्तर व्हायचं तर कर्नाटकच्या शिक्षण खात्याची कन्नडची लेखी परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिथं भाव पाडून चालत नाही. मी दोनदा बसलो होतो. पहिल्यांदा पेपर अवघड होता. दुसऱ्यांदा सोपा होता, त्यामुळं मी गाफील राहिलो. तिसरी संधी होती सप्टेंबरच्या मध्यावर.

ऑगस्टच्या त्या आठवड्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि समोर श्रावणी अभ्यास करत होती. तिचा डावा हात वहीवर पसरलेला. आणि त्या हातावर, गल्लीतल्या यच्चयावत म्हशी, मोटरी आणि लग्नं मार्गी लावणारं ते बोट, फुकट बसून होतं!

मी अंधश्रद्धाळू नाही. मी फक्त असं म्हटलं की एक प्रयोग करून बघायला काय हरकत आहे. विज्ञानात प्रयोगाला फार महत्त्व असतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून सांगितलं की मुलीला सर्दी झाली आहे, तारीख पुढं ढकला. आणि घरी सांगितलं की डॉक्टर दिल्लीला परिषदेला गेलेत. एका दुपारी दोन दिशांना दोन खोटी सोडली आणि दोन्ही विनाअपघात पोचली. श्रावणीनं कॅलेंडरवरच्या गोलाकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दिल्लीत किती दिवस असतात?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नवं पेन तिच्यापुढं धरलं. म्हटलं, जरा बघ गं, शाई येते का. तिनं ते उजव्या हातात घेतलं.

"डाव्या हातानं बघ."

"शाई बघायला डावा हात कशाला, पप्पा?"

"डाव्या हातानं आली तर उजव्या हातानं येतेच."

हे वाक्य मी, बी.एस्सी., बी.एड., स्वतःच्या तोंडानं बोललो. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि मग काही न विचारता सहावं बोट पेनला तीनदा टेकवलं. एकदा टोपणाला, एकदा मध्ये, एकदा निबजवळ. (सराव होता.) मी शाई छान येते म्हणालो. पेन उघडलंही नव्हतं.

पेपर झाला. आता शहाण्या माणसानं मंगळवार धरून बेळगाव गाठलं असतं. पण माझ्या मनात आलं, पेपर दिला म्हणजे झालं नव्हे, तपासायचा राहिलाय. अशा नाजूक वेळी बोट काढणं म्हणजे चालत्या गिरणीचा पट्टा ओढण्यासारखं. तेव्हा घरी सांगितलं की डॉक्टर दिल्लीहून आले, पण दवाखान्याला रंग द्यायला काढलाय.

"ऑपरेशनच्या खोलीलाबी?" वैशालीनं विचारलं.

"पहिल्यांदा तीच."

दवाखान्यात सांगितलं की सर्दी अजून आहे.

निकाल लागला. शंभरात एकोणतीस. बोटाविना मला पहिल्यांदा तेहतीस आणि दुसऱ्यांदा बत्तीस पडले होते, हे इथं नोंदवून ठेवतो. प्रयोग म्हटल्यावर निष्कर्ष लिहावा लागतो.

घरी मी सांगितलं की निकाल लांबलाय. आणि त्याच संध्याकाळी, जेवताना, अगदी सहज सांगितलं की डॉक्टरांचा फोन आला होता, रंग वाळलाय, येत्या मंगळवारी जाऊ. वैशालीनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. पण श्रावणीनं उडी मारून कॅलेंडर काढलं. बोटांवर मोजून (तिला एक जास्तीचं होतं, तरी दोनदा मोजून) तिनं हिशेब लावला की टाके, महिना आणि चिकोडीचे सामने अगदी काठोकाठ बसतात. एक दिवससुद्धा इकडचा तिकडं झाला तर रेणुका.

आईनं ही बातमी गिरणीत सांगितली. गिरणीत सांगणं म्हणजे काय हे गावात राहिलेल्या माणसाला कळेल. रविवारी सकाळी दारात रांग! जाण्यापूर्वी बोटाचा शेवटचा स्पर्श सगळ्यांना हवा होता. कुणी नव्या दुकानाची पाटी घेऊन आलेलं, कुणी वकिलाची फाईल, शेवंता आक्का म्हशीचं दावं घेऊन आलेली, कारण म्हैस पायऱ्या चढेना. श्रावणी ओसरीवर खुर्ची टाकून बसली. तिनं एकच अट घातली. प्रत्येकानं आधी तिला अंगणात वीस चेंडू टाकायचे.

त्या दिवशी आमच्या अंगणानं जे बघितलं ते पुन्हा कुणी बघणार नाही. सत्तरीच्या शेवंता आक्कानं पदर खोचून वीस चेंडू टाकले, त्यातले चार नळाच्या हौदात. फाईलवाल्यानं फाईल बगलेत धरूनच टाकले. मारुती आप्पांनी पिठानं माखलेल्या हातानं चेंडू टाकायला घेतला आणि प्रत्येक चेंडूमागं पांढरा धूर उठला. तिनं एकही सोडला नाही. आप्पांना मध्येच गिरणीवर गिऱ्हाईक आलं म्हणून ते पळाले.

मी पेपरच्या आड होतो. या गल्लीत बोट निकामी आहे हे पुराव्यानिशी माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो, आणि तेच सांगायची सोय नसलेलाही मी एकटाच.

तर असा मी मंगळवारी दवाखान्यात बसलो होतो आणि संमतिपत्रावर माझं नाव लिहून बसलो. ते निस्तरल्यावर नर्सबाईंनी सांगितलं की आत एकालाच जाता येईल. गाऊन, टोपी, मास्क घालायचा, मुलीचा उजवा हात धरून बसायचं आणि तिच्याशी बोलत राहायचं, म्हणजे तिचं लक्ष तिकडं जाणार नाही. वैशाली उठत होती. मी तिला बसवलं. म्हटलं, हे माझं क्षेत्र आहे, बेडूक मी शेकड्यानं कापलेत.

"तिच्यासंग बोलायचं हाय," वैशाली म्हणाली. "कापायचं न्हाय."

मी आत्मविश्वासानं आत गेलो. आत सगळं हिरवं आणि थंडगार. श्रावणी टेबलावर आडवी, डावा हात बाजूच्या फळीवर, मध्ये हिरवा पडदा, म्हणजे तिला हात दिसू नये. इंजेक्शनच्या वेळी तिनं माझी बोटं एवढी आवळली की मीच "आई गं" म्हणालो. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाला दुखलं?" दोन मिनिटांत करंगळी बधिर झाली. डॉक्टरांनी टोचून बघितलं, तिला काही कळलं नाही. माझी कामगिरी उत्तम चालली होती.

आणि मग डॉक्टर, मुलीला बरं वाटावं म्हणून, मास्कमधून म्हणाले, "मग काय, सर्दी बरी झाली का? दीड महिना सर्दी म्हणजे जास्तच झाली."

"मला सर्दी न्हवती," श्रावणी म्हणाली. "तुम्हीच दिल्लीला गेल्तासा."

"मी? मी कुठला दिल्लीला. सांबऱ्याच्या विमानतळावरसुद्धा गेल्या वर्षी गेलो होतो, तेही पाहुण्यांना सोडायला."

श्रावणीनं मान वळवून आधी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. त्या भिंतीवर, पंख्याच्या खाली, ओलीचा एक जुना डाग होता. दोन-तीन पावसाळे तरी पाहिलेला.

"ह्या खोलीला रंग दिलाय न्हवं?"

डॉक्टरांनी हात थांबवून माझ्याकडं बघितलं. नर्सबाई तर माझ्याकडं सकाळपासूनच बघत होत्या.

पूर्ण भुलीचा हा फायदा मला त्या क्षणी कळला. पूर्ण भुलीत पेशंट प्रश्न विचारत नाही. इथं पेशंट टक्क जागा, हात सोडवून घ्यायची सोय नाही, बाहेर जायची सोय नाही, आणि मला तर बोलत राहा असं खुद्द डॉक्टरांनीच सांगितलेलं! मी तोंडावरचा मास्क उगाच वर ओढला. तो डोळ्यांपर्यंत येतो का बघत होतो.

मग मी सगळं सांगितलं. परीक्षा होती, तेवढ्यापुरतं बोट असावं असं वाटलं, म्हणून डॉक्टरांना दिल्लीला पाठवलं. पेनाचंही सांगितलं. डॉक्टरांचे खांदे हलत होते. मला वाटलं श्रावणी आता हात काढून घेईल. पण तिनं तो काढला नाही. ती वर दिव्याकडं बघत राहिली आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "डॉक्टर, थांबा."

डॉक्टर थांबले. "दुखतंय का?"

"न्हाय. पप्पांचा निकाल यायचाय अजून. आज बोट काढलं तर पप्पा नापास होतील."

ती पुढं बोलत होती, माझ्याकडं न बघता. गिरणीला हात लावलाय, आक्काच्या म्हशीला लावलाय, त्या वकिलाच्या फाईलला लावलाय. बोट गेल्यावर त्या सगळ्यांचं काय होणार, हे ती रविवारपासून विचारात होती. इतरांचं एक वेळ होऊ दे. पण पप्पांना हेडमास्तर व्हायचंय. तिनं नाक ओढलं. "निकाल आल्यावर काढूया. रेणुकाला खेळू दे."

माझ्या दहा वर्षांच्या पोरीच्या त्या शेंगदाण्याएवढ्या बोटावर आम्ही अख्खी गल्ली लटकलो होतो, आणि सगळ्यात जड वजन ब्याऐंशी किलोचं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "सर, काय करू? काढू का नको?" त्यांचा हात वर थांबलेला. सुई दिलेली, भूल पसरलेली, सगळी तयारी. आणि पेशंट म्हणतो नको.

"निकाल लागलाय," मी म्हणालो.

"कधी?" श्रावणी.

"आठ दिवस झाले."

"किती पडले?"

आयुष्यात मी हजारो पोरांचे मार्क वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलेत. ते काय असतं हे त्या दिवशी कळलं.

"एकोणतीस."

"शंभरात?"

"शंभरात."

तिनं विचारलं, "त्याच पेननं लिहिलंत?"

"त्याच."

"मी बोट लावलेल्या?"

"तीनदा लावलेल्या."

आधी तिचं पोट हललं. मग खांदे. मग ती एवढ्यानं हसली की टेबल हलायला लागलं आणि नर्सबाईंनी धावत येऊन तिचा दंड धरला. डॉक्टर म्हणत होते, हसू नको बाळ, हात हलतोय, पण त्यांचाच आवाज हलत होता. हसता हसता तिच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत आलं. मी ते पुसायला गेलो तर माझ्याच टोपीची नाडी तिच्या नाकात गेली.

"काढा," ती शेवटी म्हणाली. "काय कामाचं न्हाय ते."

अर्ध्या तासात सगळं झालं. तीन टाके. डॉक्टरांनी बाहेर येऊन वैशालीला सांगितलं की मुलीनं फार छान सहकार्य केलं. माझ्याविषयी ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या पाठीवर थोपटलं. आजारी माणसाच्या नातेवाइकाला थोपटतात तसं.

परतीच्या बसमध्ये श्रावणी आणि वैशाली पुढच्या सीटवर, मी मागं. काकती सुटायच्या आत श्रावणीनं सांगायला सुरुवात केली. विकेटकीपरला मैदानभर ओरडायची सवय असते. यमकनमर्डीपर्यंत अर्ध्या बसला माझे मार्क कळले होते. पलीकडच्या सीटवरच्या एका आजींनी वळून मला विचारलं की तुम्हीच काय ते. मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून मला दिला. संकेश्वरला कंडक्टर जवळ आला आणि कन्नडमधून म्हणाला की सर, चौथ्यांदा बसा, माझा मेव्हणा पाचव्यांदा पास झाला. बोलायचं कन्नड माझं चांगलं असल्यामुळं मला त्यातला शब्द न् शब्द कळला. वैशाली संपूर्ण प्रवासात एकदाही मागं वळली नाही.

गल्लीत शिरलो आणि श्रावणी थबकली. गिरणी बंद होती. संध्याकाळची वेळ, दळणाची रांग, आणि गिरणी मुकी. तिनं पट्टी बांधलेला हात छातीशी धरला. खरं सांगतो, मीही थबकलो.

मारुती आप्पा पांढरेफटक बाहेर आले. "लाईट गेलीया," ते म्हणाले. "रोजचंच हाय. निघालं व्हय बोट? लई दुखलं का?" दुखलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "टाके निघाले की सांग. माझ्याकडनं नऊ चेंडू राहिलेत." ते वळेपर्यंत लाईट आली आणि गिरणी धडधडायला लागली. श्रावणीनं मोठा श्वास सोडला आणि उड्या मारत घरात गेली.

आईनं पट्टी बांधलेला हात धरून उलटसुलट बघितला. दहा वर्षं लक्ष्मीचा किल्ला लढवलेली माझी आई. ती म्हणाली, "बरं झालं. आता बांगड्या तरी नीट चढतील. मी कवापासनं सांगत होते."

रात्रीची भाकरी टाकताना वैशाली तव्याकडं बघत होती. ती बेळगावपासून माझ्याशी बोललेली नव्हती. मी पाट घेऊन जवळ बसलो, घसा साफ केला, आणि मला जे अत्यंत न्याय्य वाटत होतं ते सांगून टाकलं. म्हटलं, बाकी काही म्हण, पण शेवटी मी खरं बोललो म्हणूनच ऑपरेशन झालं.

वैशालीनं भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबली. मग माझ्या ताटात टाकत म्हणाली, "व्हय. तुमच्याकडनं एक खरं काढायला पोरीचं एक बोट गेलं. आता तिच्याकडं जास्तीचं न्हाय. तवा हितनं फुडं जरा जपून बोला."